निवारा की पहारा?



दाराला कडी, खिडकीला पडदा आणि ओसरीवर एखादे वडीलधारे माणूस असले की घर सुरक्षित आहे, असे आपण पूर्वी मानीत होतो. आता चित्र बदलले आहे. मुंबई-ठाण्याच्या सदनिकांतच नव्हे, तर रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतही भिंतीवर कॅमेरा दिसतो, आलेल्याचे चित्र दाखवणारी दारावरची घंटा दिसते, बोलण्याला उत्तर देणारा स्पीकर आणि मोबाइलवरून चालू-बंद होणारे दिवे दिसतात. घरातील कर्ता पुरुष कुवेत, दुबई, दोहा किंवा जिद्दा येथे नोकरीला असेल, तर तेथील खोलीत बसून त्याला गावच्या घराचे अंगण पाहता येते आणि म्हाताऱ्या आईची विचारपूस करता येते. ही अल्लाहची एक नेअमत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु प्रत्येक नेअमतीविषयी परलोकात विचारणा होणार आहे, ही आपली श्रद्धा आहे. म्हणून एक प्रश्न आज आपल्यासमोर ठेवीत आहे. ज्या घरात पत्नी पतीच्या हाताला, जिभेला आणि रागाला भिते, त्या घरात ही यंत्रे कोणाचे रक्षण करतात? आणि छळाला कंटाळून ती वेगळी राहू लागली, तर हीच यंत्रे तिच्यामागे कोठवर जातात? हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. घर म्हणजे काय, पतीचा अधिकार कोठे संपतो आणि अल्लाहने प्रत्येक माणसाला दिलेले झाकण दुसऱ्या माणसाला काढता येते काय, असा हा नैतिक प्रश्न आहे.

यंत्र कोणाचे ऐकते?

प्रथम या यंत्रांची रीत समजून घेऊ. कॅमेरा, घंटा, कुलूप किंवा स्पीकर बसवताना मोबाइलवर एक खाते उघडावे लागते. ज्याच्या नावाने आणि ज्याच्या पासवर्डने ते उघडले, तो त्या यंत्राचा मालक. इतरांना त्याने परवानगी दिली तरच वापर करता येतो आणि ती परवानगी तो कोणत्याही क्षणी काढून घेऊ शकतो. बहुतेक कॅमेऱ्यांत आवाजही ऐकू येतो, हालचाल होताच मालकाच्या मोबाइलवर सूचना जाते आणि चित्रण साठवून ठेवता येते. मालक शेजारच्या खोलीत आहे की समुद्रापलीकडे, याने काहीच फरक पडत नाही. घरात राहणारी दुसरी व्यक्ती त्याच छताखाली झोपते, त्याच चुलीवर स्वयंपाक करते; पण यंत्राच्या दृष्टीने ती केवळ पाहुणी असते.

जून २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने अमेरिकेतील छळपीडित स्त्रियांच्या अनुभवांवर एक सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला होता. एकीने वातानुकूलन यंत्र चालू केले की ते आपोआप बंद होई. दुसरीच्या दाराच्या कुलपाचा सांकेतिक अंक रोज बदललेला असे. तिसरीच्या दारावरची घंटा वारंवार वाजे आणि दारात कोणीच नसे. या गोष्टी कोणाला सांगाव्यात, तर ऐकणारा त्या स्त्रीलाच वेडी ठरवण्याची भीती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, पत्नीपासून विभक्त झालेल्या एका पुरुषाला न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली. दिवे आणि उष्णता नियंत्रित करण्यासाठी भिंतीवर लावलेल्या टॅबलेटमधून तो आपल्या पत्नीचे घरातील बोलणे दुरून ऐकत होता.

या घटना परदेशातील आहेत, म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? यंत्रे तीच आहेत आणि माणसाच्या मनातील संशय व सत्तेची हावही तीच आहे. समजा, कोकणातील एखाद्या गावात सून दुपारी शेजारणीकडे जाते. ती उंबरठा ओलांडताच आखातातून फोन येतो: कोठे निघालीस? ती माहेरी बहिणीशी बोलते आणि रात्री तिला त्याच बोलण्याचा जाब विचारला जातो. ती स्वयंपाकघरात रडते, तर भिंतीवरून पतीचा आवाज येतो. या घरात हात उगारला गेला नसेल. तरीही तिच्या जिवाला तेथे विसावा आहे, असे आपण म्हणू शकू काय?

कुरआनच्या दृष्टीने घर

पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नहल (१६:८०) मध्ये अल्लाहने आपल्या उपकारांची गणना करताना घराचा उल्लेख केला आहे. तेथे घरासाठी जो शब्द आला आहे, त्याचा धातू ‘सुकून’चाच आहे. घर म्हणजे थांबण्याचे, शांत होण्याचे ठिकाण. सूरह अर्-रूम (३०:२१) मध्ये पतिपत्नीच्या नात्याचा हेतू सांगताना पुन्हा हाच धातू येतो: एकमेकांजवळ शांती लाभावी, आणि त्या दोघांमध्ये प्रेम व दया असावी. म्हणजे भिंतींनी जे द्यायचे तेच जोडीदारानेही द्यायचे. ज्या घरात एक माणूस सतत सावध बसलेला आहे, ते घर विटांचे असले तरी कुरआनच्या अर्थाने घर उरत नाही.

सूरह अल्-बकरा (२:१८७) मध्ये पती व पत्नी यांना एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे. या उपमेवर आपण निकाहच्या खुत्ब्यात आणि मेजवानीत पुष्कळ बोलतो. वस्त्राचे काम काय, याचा विचार मात्र कमी करतो. वस्त्र ऊब देते, शोभा देते. परंतु त्याचे पहिले काम झाकण्याचे आहे. जे अंगाला चिकटून राहते आणि अंगाचे गुपित जगाला सांगत नाही, तेच वस्त्र. जोडीदाराचे प्रत्येक पाऊल टिपून साठवून ठेवणारा माणूस वस्त्राचे काम सोडून आरशाचे आणि साक्षीदाराचे काम करू लागतो.

आणखी पुढे जाऊ. दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नये, ही आज्ञा सूरह अन्-नूर (२४:२७) मध्ये आहे आणि ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच सूरहच्या ५८ व्या आयतीकडे आपले लक्ष कमी जाते. ती आज्ञा बाहेरच्यांसाठी नाही, घरातल्यांसाठी आहे. फज्रच्या नमाजपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर घरातील सेवकांनी आणि वयात न आलेल्या मुलांनीदेखील परवानगी घेऊनच आत यावे, असा तिचा आशय आहे. विचार करा. ज्यांची ये-जा दिवसभर चालते, त्यांच्यासाठीही दिवसाचे तीन प्रहर बंद ठेवले गेले. मुवत्ता इमाम मालिक या ग्रंथातील एका हदीसमध्ये एक व्यक्ती प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारते की, आईच्या खोलीत जातानाही परवानगी घ्यावी काय? मी तर तिच्याबरोबरच राहतो, तिची सेवाही करतो. उत्तर प्रत्येक वेळी तेच मिळते: परवानगी घे. यावरून एक तत्त्व स्पष्ट होते. एका छताखाली राहिल्याने माणसाचा आडोसा संपत नाही. नाते जितके जवळचे तितकी परवानगीची गरज कमी, असे आपण समजतो. दीनने मात्र जवळच्या नात्यातही ती राखली आहे.

डोकावणे, कान लावणे आणि अवचित येणे

सूरह अल्-हुजुरात (४९:१२) मध्ये तीन गोष्टी एकापाठोपाठ निषिद्ध केल्या आहेत: अतिसंशय, तजस्सुस म्हणजे दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी शोधत राहणे, आणि पाठीमागे निंदा. या क्रमात मोठा अर्थ आहे. संशयाने मन पेटते, पेटलेले मन शोध घेऊ लागते आणि सापडलेली गोष्ट जिभेवर येते. आजची यंत्रे या तीन पायऱ्यांमधील अंतर फारच कमी करतात. संशय आला की बोट मोबाइलवर जाते आणि दिसलेले चित्र दुसऱ्याच क्षणी भावाला किंवा आईला पाठवता येते.

हदीसच्या ग्रंथांत डोळा, कान आणि पाऊल या तिघांविषयी वेगवेगळी ताकीद आहे. सहीह बुखारीमध्ये येते की, एक मनुष्य प्रेषितांच्या (स.) खोलीत फटीतून डोकावत होता. तेव्हा त्यांनी त्याला कठोर शब्दांत समजावले की, परवानगीचा नियमच मुळी नजरेसाठी केला गेला आहे. याचा अर्थ, शरीराने आत न शिरताही माणूस आत शिरू शकतो. चौदाशे वर्षांपूर्वीची ती फट आणि आजचा कॅमेरा यांत तत्त्वतः भेद काय? कानाविषयीही बुखारीमध्येच इशारा आहे: ज्या लोकांना आपले बोलणे इतरांनी ऐकलेले आवडत नाही, त्यांचे बोलणे जो कान लावून ऐकेल, त्याच्या कानांत कयामतच्या दिवशी वितळलेले शिसे ओतले जाईल, असा तिचा आशय आहे. यात पतीसाठी अपवाद सांगितलेला नाही.

तिसरी हदीस आखातात राहणाऱ्या आपल्या बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. दीर्घकाळ प्रवासात असलेल्या माणसाने पूर्वसूचनेशिवाय रात्री अवचित घरी येऊ नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या, सहीह मुस्लिममधील एका कथनात तर पत्नीवर अविश्वास ठेवून तिच्या चुका पकडण्याच्या हेतूने असे येण्याची मनाई आहे. पहा, प्रवास करून आलेला तो माणूस स्वतःच्याच घरी येत आहे, स्वतःच्याच पत्नीकडे येत आहे. तरीही पकडण्याच्या हेतूने येणे नाकारले गेले. मग जो दिवसातून वीस वेळा मोबाइलच्या पडद्यावरून अवचित घरी येतो, त्याने आपल्या हेतूला प्रश्न विचारला पाहिजे.

कव्वाम, गैरत आणि ‘लपवायचे काय आहे?’

येथे तीन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप असा की, पुरुष हा कव्वाम आहे. घरावर लक्ष ठेवणे हे त्याचे कर्तव्यच आहे. सूरह अन्-निसा (४:३४) मधील हा शब्द ‘उभे राहणे’ या धातूपासून आलेला आहे. कव्वाम म्हणजे जो दुसऱ्यासाठी उभा राहतो, भार उचलतो. याच सूरहच्या १३५ व्या आयतीत हाच शब्द पुन्हा आला आहे आणि तेथे सर्व श्रद्धावंतांना न्यायासाठी कव्वाम होण्याची आज्ञा आहे. मग तो न्याय स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असला तरीही. जो न्यायासाठी स्वतःविरुद्ध उभा राहू शकत नाही, त्याने घरापुरता कव्वाम असल्याचा दावा कोणत्या आधारावर करावा? शिवाय, प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला जाब द्यायचा आहे, या प्रसिद्ध हदीसमध्ये पत्नीलाही पतीच्या घराची राखणदार म्हटले आहे. राखणदारावरच पाळत ठेवणे म्हणजे अमानत सोपवून ती न सोपवल्यासारखे वागणे होय.

दुसरा आक्षेप गैरतीचा. आपल्या घराच्या अब्रूविषयी संवेदनशील असणे हा ईमानचा गुण आहे, यात शंका नाही. परंतु अबू दाऊदमधील एका हदीसनुसार गैरतही दोन प्रकारची आहे: संशयाला खरे कारण असताना येणारी, जी अल्लाहला आवडते, आणि कारण नसताना येणारी, जी त्याला आवडत नाही. दुसऱ्या प्रकाराला आपण गैरत म्हणतो, पण ते मनाच्या रोगाचे नाव आहे. आणि गैरतीचाच प्रश्न असेल, तर एक गोष्ट विचारतो. घराच्या आत स्त्री मोकळ्या केसांनी, साध्या कपड्यांत वावरते. तो तिचा हक्क आहे. कॅमेऱ्याचे ते चित्रण किती मोबाइलांवर दिसते? दिराच्या मोबाइलवर ते जोडलेले आहे काय? कॅमेरा बसवून देणाऱ्या कारागिराला पासवर्ड ठाऊक आहे काय? रस्त्यावर पत्नीच्या ओढणीविषयी दक्ष असणारा माणूस घरातील तिचे रूप परक्या नजरेसमोर स्वतःच्या हाताने उघडे ठेवतो, तेव्हा त्याची गैरत कोठे असते?

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा वाटतो: लपवण्यासारखे काही नसेल, तर भ्यायचे कशाला? याचे उत्तर असे की, झाकण हे केवळ पापासाठी नसते. आपण नमाजमध्ये रडतो तेही लपवतो, सदका देतो तोही लपवतो, आजारपण आणि गरिबीही लपवतो. अल्लाह सर्व काही पाहतो हे खरे. पण तो पाहूनही झाकतो. माणूस पाहतो, साठवतो आणि रागाच्या दिवशी बाहेर काढतो. जे पाहणे केवळ अल्लाहला शोभते, ते पाहणे दुर्बल माणसाने स्वतःकडे घेऊ नये. अबू दाऊदमध्येच हजरत मुआविया (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय आहे की, लोकांच्या उणिवा शोधत राहिलात तर तुम्ही त्यांना बिघडवाल. जिच्यावर सतत अविश्वास दाखवला जातो, ती स्त्री खोटे बोलायला शिकते. तिचे खोटे भीतीतून जन्मलेले असते आणि त्या भीतीचा जाब भीती घालणाऱ्यालाही द्यावा लागेल.

ती वेगळी होते तेव्हा

वाचकहो, या विषयातील सर्वांत धोक्याचा काळ पत्नी वेगळी होऊ पाहते तो असतो. हातातून सत्ता निसटते आहे असे वाटताच छळ करणारा माणूस अधिक क्रूर होऊ शकतो. कुरआनने या काळाची विशेष काळजी घेतली आहे. सूरह अत्-तलाक (६५:६) मध्ये इद्दतीतील स्त्रीला आपल्या ऐपतीप्रमाणे राहायला जागा देण्याची आज्ञा आहे आणि लगेच ताकीद आहे की, त्यांचे जगणे कोंडमाऱ्याचे व्हावे म्हणून त्यांना त्रास देऊ नका. जागा देणे पुरेसे मानलेले नाही. ती जागा अरुंद करणेही निषिद्ध आहे. मध्यरात्री दिवे लावणे, घंटा वाजवणे, कुलूप बदलणे, पंखा बंद करणे आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणे, हा आजच्या काळात जागा अरुंद करण्याचाच प्रकार आहे. सूरह अल्-बकरा (२:२३१) मध्येही छळण्यासाठी पत्नीला अडकवून ठेवण्यास मनाई आहे आणि असे करणारा स्वतःवरच जुलूम करतो, असे सांगितले आहे.

हजरत बरीरा (रजि.) यांचा प्रसंग बुखारीमध्ये आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांनी पती मुगीस (रजि.) यांच्यापासून वेगळे होण्याचा निर्णय घेतला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांत त्यांच्यामागे रडत फिरत, अश्रूंनी त्यांची दाढी भिजत असे. प्रेषितांना (स.) त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरांना पुनर्विचार करण्यास सुचवले. बरीरांनी विचारले, ही आज्ञा आहे काय? प्रेषितांनी सांगितले की, मी केवळ शिफारस करतो. तेव्हा बरीरांनी नकार दिला आणि तो नकार तेथेच मान्य झाला. मुगीस तर प्रेमाने रडत होते, धमकी देत नव्हते. तरीही त्यांच्या अश्रूंच्या आधारे एका स्त्रीवर सक्ती केली गेली नाही. मग जो क्रोधाने पाठलाग करतो, त्याला आपण ‘शेवटी नवरा आहे’ असे म्हणून कसे सोडून देतो?

पर्दापोशीचा विपर्यास

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. आपल्या समाजात तजस्सुस आणि पर्दापोशीच्या याच शिकवणी अनेकदा पीडितेच्याच विरुद्ध वापरल्या जातात. घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये, पतीचे दोष झाकावेत, असे तिला सांगितले जाते. हा विपर्यास आहे. झाकण माणसाच्या अब्रूसाठी आहे, जुलमाला आडोसा देण्यासाठी नाही. सूरह अन्-निसा (४:१४८) मध्ये वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला आवडत नाही असे सांगताना, ज्याच्यावर जुलूम झाला त्याला अपवाद केले आहे. हजरत हिंद (रजि.) यांनी पती अबू सुफयान (रजि.) यांच्या कंजूषपणाची तक्रार प्रेषितांकडे (स.) केली, तेव्हा त्यांना गप्प बसवले गेले नाही, योग्य तेवढे घेण्याचा मार्ग सांगितला गेला. आणि हजरत खौला (रजि.) पतीविषयी गाऱ्हाणे घेऊन आल्या, तेव्हा त्यांचे बोलणे अल्लाहने ऐकले, अशा शब्दांत सूरह अल्-मुजादलाचा (५८:१) आरंभ झाला. स्त्रीचे बोलणे ऐकण्याची खरी रीत ही आहे. चोरून ऐकणारा तिला कैद करतो. गाऱ्हाणे ऐकणारा तिला मुक्त करतो.

मग पीडितेने स्वतः धमक्यांचे ध्वनिमुद्रण केले, संदेश जपून ठेवले, तर तो तजस्सुस ठरेल काय? हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्यासमोर एका मद्यपीची गोष्ट आली, तेव्हा त्यांनी सांगितले की आम्हाला पाळत ठेवण्यास मनाई आहे, पण जे उघडपणे समोर येईल त्याची दखल घेऊ. हा भेद येथे लागू पडतो. पीडिता कोणाचे छुपे पाप शोधत फिरत नाही. जुलूम तिच्यावर, तिच्या डोळ्यांसमोर होत आहे. न्याय देऊ शकणाऱ्यांना दाखवण्यासाठी त्याचा पुरावा राखणे म्हणजे साक्ष जपणे होय. मात्र तो पुरावा बदनामीसाठी मोबाइलच्या गटांत फिरवू नये. तो न्यायाच्या दारातच न्यावा.

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पतिपत्नीचे गुप्तपणे मुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून स्वीकारता येते. काही जण याचा अर्थ, आता घरात पाळत ठेवण्यास मोकळीक मिळाली असा लावतील. न्यायालयापुढे प्रश्न पुरावा स्वीकारण्याचा होता. अल्लाहपुढे प्रश्न हेतूचा आणि जुलमाचा असेल. शिवाय देशाचा कायदाही पीडितेच्या बाजूने उभा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यात शारीरिक मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचार मानला आहे. न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेशाद्वारे दूरध्वनी किंवा इलेक्ट्रॉनिक साधनांनी संपर्क साधण्यासही मनाई करू शकतात. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाच्या व्याख्येत येते.

आपण काय करावे?

ज्यांच्या घरी अशी यंत्रे आहेत, त्यांनी ती काढून टाकावीत असे माझे म्हणणे नाही. चोरापासून संरक्षण, वृद्धांची काळजी हे उत्तम हेतू आहेत. परंतु काही मर्यादा पाळाव्यात. बसवण्यापूर्वी घरातील सर्व प्रौढांचा विचार घ्यावा. मशविरा ही श्रद्धावंतांची रीत आहे. कॅमेऱ्याचे तोंड दाराकडे, अंगणाकडे असावे. जेथे स्त्रिया मोकळेपणाने वावरतात तेथे तो नसावा. तो कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. पासवर्ड पत्नीलाही ठाऊक असावा आणि ते यंत्र बंद करण्याचा अधिकार तिलाही असावा. एक साधी कसोटी सांगतो: हे यंत्र बंद ठेवले तर घरातील कोणाला जाब विचारला जाईल? तसे असेल, तर ते यंत्र चोरासाठी बसवलेले नाही. हे नियम पत्नीलाही तितकेच लागू आहेत. पतीचा मोबाइल चोरून तपासणे हासुद्धा तजस्सुसच आहे. पण जेथे एक जण दुसऱ्याला भितो, तेथे दोघांचा दोष सारखा मोजता येत नाही.

ज्या भगिनी भीतीत राहत आहेत, त्यांना विनंती की, कॅमेरा किंवा स्पीकर रागाच्या भरात एकाएकी उपटू नये. यंत्र बंद पडताच मालकाला कळते आणि धोका वाढू शकतो. आधी विश्वासू व्यक्तीच्या मोबाइलवरून, घराबाहेरून मदत मागावी. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे जाता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळू शकतो. घर सोडल्यावर नवा ईमेल आणि नवे पासवर्ड सुरक्षित मोबाइलवर तयार करावेत. व्हॉट्सॲप दुसऱ्या एखाद्या यंत्राशी जोडलेले आहे काय, आपले ठिकाण कोणाला दिसते आहे काय, हे पाहावे. मुलांना पाठवलेली घड्याळे, टॅबलेट यांतूनही ठिकाण कळू शकते. पर्समध्ये, वाहनात लहान ट्रॅकर ठेवला गेल्याची उदाहरणे आहेत; अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्यास सूचना देण्याची सोय आता अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे. धमक्यांचे संदेश पुसू नयेत, तारखेसह जपावेत.

आणि आपण, जे नातेवाईक, शेजारी, जमातीचे जबाबदार आणि मशिदींचे इमाम आहोत, त्यांचे काय? सूरह अन्-निसा (४:३५) मध्ये दोन्ही कुटुंबांतून एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे. ही मध्यस्थी तेव्हाच खरी, जेव्हा स्त्रीला निर्भयपणे बोलता येते. म्हणून तिचे म्हणणे तिच्या घरी, त्या भिंतींच्या कानांसमोर ऐकू नये. तिचा मोबाइलही त्या वेळी दूर ठेवावा. ती कोठे राहते हे ‘समेटासाठी’ म्हणून पतीला सांगू नये. तो पत्ता आपल्याजवळची अमानत आहे. ‘दिवे आपोआप जातात, दारावर कोणी नसताना घंटा वाजते’ असे ती म्हणाली, तर तिला भ्रम झाला, सावट लागले असे म्हणून तावीज देण्यापूर्वी त्या दिव्याचे खाते कोणाच्या मोबाइलवर आहे, एवढे तरी विचारावे.

हजरत आयशा (रजि.) यांच्या साक्षीनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही कोणत्याही स्त्रीवर किंवा सेवकावर हात उगारला नाही. मदीनेतील स्त्रिया पतींच्या मारहाणीच्या तक्रारी घेऊन त्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितले की असे पुरुष तुमच्यातील उत्तम नव्हेत. त्या स्त्रियांना ठाऊक होते की त्या घराच्या दारात आपले ऐकले जाईल. आपल्या घरांची आणि मशिदींची दारे तशी आहेत काय, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

अल्लाह आपल्या घरांना पुन्हा सुकूनचे ठिकाण करो, आपल्या नजरांना आणि कानांना मर्यादेत राहण्याची शक्ती देवो, पीडित भगिनींना सुरक्षित आश्रय देवो आणि त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य आपल्याला देवो. आमीन.